शाळेंतील संगीत नाटक

शाळेच्या स्नेहसंमेलनांत मुलांनीं संगीत नाटक करावें कीं नाहीं, हा वाद आतां फारसा कोणी घालीत नाहीं. तें कसें करावें, हा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा आहे. मागें एका शाळेंत देवलांच्या 'शारदा' नाटकांतील कांहीं प्रवेश पाहण्याचा योग आम्हांस आला. पडदे झगझगीत, पोषाख भाड्यानें आणलेले आणि पदें ध्वनिमुद्रित! मुली केवळ ओठ हालवीत होत्या. एका पदांत शारदेचें काम करणारी मुलगी गोंधळली. यंत्र मात्र गातच राहिलें. प्रेक्षक हंसले, आणि मुलीच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. आमच्या मतें त्या दिवशीं चूक मुलीची नव्हती, योजकांची होती.

१८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं जीं नाटकें सुरू केलीं, त्यांत पदें सूत्रधार म्हणे व पात्रें तदनुरूप अभिनय करीत. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, तेव्हां पात्रें आपलीं पदें स्वतः गाऊं लागलीं. ज्याचें सुखदुःख त्याच्याच कंठांतून प्रकट व्हावें, हें मराठी संगीत नाटकाचें खरें बळ. मुलांचा कंठ काढून घेणारी शाळा किर्लोस्करांच्या मागें जाते. किंबहुना भाव्यांच्याहि मागें, कारण सूत्रधार जिवंत माणूस होता, नटासाठीं क्षणभर थांबूं शकत होता.

दुसऱ्यासाठीं थांबतां येणें, हाच या उद्योगांतील मोठा लाभ होय. दुसऱ्या एका शाळेची तालीम आम्हीं पाहिली. पेटीवर व तबल्यावर विद्यार्थीच होते. गाणाऱ्या मुलीचा सूर घसरतांच पेटीवाल्यानें सूर धरून ठेवला, तबलजीनें ठेका मोडूं दिला नाहीं, आणि दोन आवर्तनांनंतर ती समेवर परत आली. कोणी कोणास रागावलें नाहीं. आपण चुकलों तर सोबती सांभाळून घेतील, हा विश्वास वर्गांतील बाकावर क्वचितच मिळतो. तेथें शेजाऱ्याचें उत्तर पाहणें हाच अपराध असतो.

नाटकाच्या अर्थाचा लाभ निराळाच. १८९९ सालच्या 'शारदे'त पैशाच्या लोभानें मुलीस म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधूं पाहणारा कांचनभट आहे. त्याचें काम करणाऱ्या मुलास, बाप असें कां वागतो, हें शोधावेंच लागतें. निबंधांत कांचनभटाचा निषेध करणें सोपें; दोन महिने त्याच्या तोंडानें बोलणें कठीण.

शाळांची अडचण आम्हांस मान्य आहे. सर्वांचे गळे गोड नसतात, आणि पाहुण्यांपुढें फजितीचें भय असतें. मग पदें निम्मीं करावीं, पट्टी उतरवावी, दोघींनीं मिळून गावें. पण गाणें मुलांचेंच असावें. तालमींत अभ्यासाचा वेळ जातो, ही पालकांची तक्रारहि खोटी नाहीं. तथापि ओठ हालविण्याच्या तालमींतहि तो जातोच, आणि बदल्यांत मिळतें तें केवळ छायाचित्र.

तेव्हां पहिल्या रांगेंत बसणाऱ्या आईबापांस आमची एवढीच विनंति, कीं बेसूर झालेल्या पोरीस हंसूं नये. तें हंसें टाळण्यासाठींच शाळेनें यंत्र आणलेलें असतें.