लपविणे आणि राखणे : ‘देवराई’च्या निमित्ताने

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. स्किझोफ्रेनिया झालेल्या शेष नावाच्या तरुणाची ही कथा. शेषची भूमिका अतुल कुलकर्णी यांनी, तर त्याची बहीण सीना हिची भूमिका सोनाली कुलकर्णी यांनी केली. कॅनडातील कॅलगरी येथे अध्यापन करणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्थापिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन या संस्थेचा निर्मितीत सहभाग होता. कृतीचा हेतू प्रबोधनाचा आहे, हे उघड आहे. आणि अशा कृतीची समीक्षा ‘आजाराचे चित्रण यथार्थ आहे की नाही’ एवढ्यावरच थांबण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात प्रश्न निराळा घेतला आहे : आजारी माणसाचे मन कोणाला, किती आणि कोणाच्या अनुज्ञेने दिसावे?

या प्रश्नाचे सूत्र शीर्षकातच आहे. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. तेथे कुऱ्हाड चालवीत नाहीत. पुष्कळ ठिकाणी तर वाळलेली काटकीही घरी नेत नाहीत. रान सर्वांना ठाऊक असते, वाटेवरून दिसतेही. परंतु त्यात हात घालण्याचा अधिकार कोणाला नसतो. यालाच आपण ‘राखणे’ म्हणतो. ‘लपविणे’ ही क्रिया याहून अगदी भिन्न होय. लपविलेली वस्तू लपविणाऱ्याच्या ताब्यात असते. शेषच्या मनात देवराई ज्या तऱ्हेने वसली आहे, ती पाहता हा भेद चित्रपटाच्या गाभ्याशी आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या कुटुंबांत मानसिक आजार बहुधा लपविला जातो. धाकट्या बहिणीचे लग्न जमावयाचे असते, घराची अब्रू राखावयाची असते. येथे जो खाजगीपणा जपला जातो तो घराचा, आजाऱ्याचा नव्हे. घरातल्या घरात त्याचे कपाट, पत्रे, औषधे, झोप यांवर सर्वांची नजर असते. ‘देवराई’ने या लपवणुकीवर आघात केला, हे तिचे खरे श्रेय. परंतु आजाराचे ज्ञान प्रेक्षकाला होते ते मुख्यत्वे बहिणीच्या धडपडीतून आणि डॉक्टरांच्या समजावणीतून. कॅमेरा शेषच्या मनात शिरतो. तथापि आपल्याविषयी कोणास काय सांगावे, हे ठरविणारा माणूस म्हणून शेष आपल्यासमोर पुरेसा उभा राहत नाही, असे मला वाटते. ही मर्यादा केवळ दिग्दर्शकांची नाही. ती त्या काळाचीही आहे. तेव्हा लागू असलेल्या १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आप्ताचा अर्ज आणि दोन वैद्यकीय प्रमाणपत्रे यांच्या आधारे रुग्णास त्याच्या संमतीवाचून ९० दिवसांपर्यंत रुग्णालयात ठेवण्याची तरतूद होती.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ही भूमिका बदलली. कलम २३ ने आजार व उपचार यांविषयीची माहिती गुप्त राखण्याचा हक्क रुग्णास दिला. इतरांच्या जिवास धोका, न्यायालयाचा आदेश यांसारखे मोजकेच अपवाद ठेवले. कलम २४ अन्वये संमतीवाचून त्याचे छायाचित्र वा माहिती प्रसारमाध्यमांस देता येत नाही. आपला नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, हे रुग्ण स्वतः लिहून ठरवू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कोणी ‘विकल मनाचा’ ठरत नाही; तसे सक्षम न्यायालयाने जाहीर करावे लागते. मतदान, करार, मालमत्ता हे सारे या एका वाक्यावर अवलंबून आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले.

आता हा हक्क पिंपळे सौदागरसारख्या ठिकाणी तपासून पाहावा. पवनेकाठचे हे शेतीचे गाव आज हिंजवडीला नोकरीस जाणाऱ्यांच्या गृहसंकुलांचे उपनगर झाले आहे. जुन्या गावात अमक्याचा मुलगा ‘फिरला’ हे सर्वांस ठाऊक असे. पण त्याला शेतात कामही मिळे. नव्या संकुलात शेजाऱ्यास शेजारी ठाऊक नाही. मात्र फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद होते, आणि एखाद्या रात्री आरडाओरडा झाला तर त्याची वार्ता रहिवाशांच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळपर्यंत पसरू शकते. नोकरीच्या ठिकाणी पेच याहून अवघड. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. परंतु त्याचे संरक्षण मागावयाचे तर आधी आजार उघड करावा लागतो. म्हणजे एक हक्क मिळविण्यासाठी दुसरा सोडावयाचा.

येथे एक आक्षेप संभवतो. खाजगीपणाच्या नावाखाली विवाहात फसवणूक होणार नाही काय? आक्षेप रास्त आहे. वधू किंवा वर यांच्याविषयीची महत्त्वाची गोष्ट दडवून संमती मिळविली, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार विवाह रद्द होऊ शकतो. परंतु यातून निष्पन्न होते ते एवढेच की, जिच्याशी आयुष्य काढावयाचे तिला सांगणे हे कर्तव्य आहे. ते साऱ्या आळीला कळावे, असे त्यातून सिद्ध होत नाही. आणि सांगणारा तोंडी घरचा वडीलधारा असावा, असेही नाही.

हिताच्या नावाखाली दुसऱ्याने निर्णय घेतला की काय घडते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय संस्थेतील मतिमंद म्हणून नोंदलेल्या काही स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. सार्वजनिक निषेधानंतर पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. मतिमंदत्व आणि मानसिक आजार या भिन्न अवस्था होत, हे खरे. पण ‘हिला काय विचारावयाचे?’ ही वृत्ती दोन्हींकडे एकच.

‘देवराई’ने ‘लपवू नका’ असे कुटुंबास सांगितले, आणि ते सांगणे अवश्य होते. पुढील मराठी कृतीने तेथून पुढे जाऊन रुग्णासच विचारले पाहिजे : तुझे काय सांगावे, आणि काय राखावे? त्याचे उत्तर काहीही येवो. ते देण्याचा अधिकार त्याचा आहे, हे मान्य केल्यावरच आपली सहानुभूती न्यायाच्या पदवीस पोहोचेल.