‘सजेशन’ आणि व्यंजना : एका पर्यायाची चिकित्सा

व्यंजनेचा पर्याय म्हणून ‘सूचन’ हा शब्द मराठी समीक्षेत इतका रूढ झाला आहे की, त्याची चिकित्सा करण्याचे प्रयोजन सहसा कोणास वाटत नाही. सूच् हा धातू संस्कृत शास्त्रकारांना परका होता असे नव्हे. परंतु आज हा शब्द योजताना आपल्या मनापुढे बहुधा इंग्रजीतील ‘सजेशन’ असते. के. कृष्णमूर्ती यांचे ‘ध्वन्यालोका’चे इंग्रजी भाषांतर १९५५ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाले, त्याच्या नावातच हा शब्द होता; इंगल्स, मॅसन व पटवर्धन यांच्या १९९० च्या भाषांतरातही तोच कायम राहिला. या विद्वानांचे ऋण मान्य करूनही, हा पर्याय आपल्या विवेचनात कोणता घोटाळा उत्पन्न करतो हे पाहणे अगत्याचे आहे.

‘सजेस्ट’ या क्रियापदाचे मूळ लॅटिन असून ‘खालून वर आणून देणे’ हा त्याचा मूलार्थ होय. इंग्रजीत त्याला अनेक फाटे फुटले. सभेत एखादी कल्पना विचारार्थ मांडणे हा आज सर्वांत परिचित अर्थ. येथे स्वीकाराचे वा नकाराचे स्वातंत्र्य ऐकणाऱ्याकडे असते. बर्नहाइमने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संमोहनविद्येत या शब्दाला जे पारिभाषिक रूप दिले, त्यात हे स्वातंत्र्य जवळजवळ लोपते. शेक्सपिअरच्या काळी तो दुष्प्रेरणेचाही वाचक होता. ‘मॅक्बेथ’मध्ये राजवधाचा विचार याच नावाने येतो. टॉमस ब्राउनने एका कल्पनेमागून दुसरी मनात येण्याला, म्हणजे साहचर्याला, हेच नाव दिले. आणि ‘पुरावा असे सजेस्ट करतो’ असे संशोधक लिहितो, तेव्हा त्याला अभिप्रेत असते ते अनुमान.

यांतील शेवटचा अर्थ आपल्या दृष्टीने सर्वांत घातक आहे. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीची स्थापना केली. अकराव्या शतकात महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेका’त तिच्यावर घाला घातला, तो ‘ध्वनी म्हणजे अनुमानच’ असे म्हणून. वादाचे प्रसिद्ध उदाहरण ‘गाथासप्तशती’तील, म्हणजे आपल्याच महाराष्ट्री प्राकृतातील आहे. संकेतस्थळी वारंवार येणाऱ्या एका धार्मिकाला एक स्त्री सांगते की, आता निर्धास्त हिंड. तुला भिवविणारा तो कुत्रा गोदाकाठच्या जाळीत राहणाऱ्या सिंहाने मारला. वाच्यार्थ विधीचा, व्यंग्यार्थ निषेधाचा. महिमभट्टाच्या मते सिंहाचे अस्तित्व हा हेतू आणि भित्र्या माणसाने तेथे न जाणे हे साध्य.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त याला दिलेले उत्तर मार्मिक आहे. भित्रा मनुष्यही गुरूच्या वा धन्याच्या आज्ञेने किंवा प्रियेच्या ओढीने भयस्थानी जातो. म्हणून हेतू अनैकान्तिक. कुत्र्याला भिणारा वीर सिंहाला भिणार नाही असेही संभवते. म्हणून तो विरुद्ध. आणि सिंह तेथे आहे हे प्रत्यक्षाने वा अनुमानाने ठरलेले नाही, केवळ त्या स्त्रीच्या बोलण्यावरून कळते; म्हणून तो असिद्ध. तात्पर्य, अनुमान जेथे लंगडे पडते तेथेही सहृदयाला निषेध निःसंशय कळतो. आता या दोन्ही पक्षांना ‘सजेशन’ हा एकच शब्द लावून पाहावा. महिमभट्टही म्हणेल की, सिंहामुळे निषेध ‘सूचित’ होतो; मम्मटही तेच म्हणेल. ज्या शब्दात वादी व प्रतिवादी दोघेही सुखाने नांदतात, तो शब्द वादाचे स्वरूप कसे सांगणार?

दुसरा घोटाळा अस्पष्टतेचा. वस्तूचे नाव घेण्यापेक्षा ती हळूहळू उमगू देण्यात काव्य आहे, असा मालार्मेप्रभृती प्रतीकवाद्यांचा आग्रह होता. त्यांच्या संस्काराने ‘सूचक’ म्हणजे धूसर, असे समीकरण नवकाव्याच्या चर्चेत होऊन बसते. गाथेतला निषेध मात्र मुळीच धूसर नाही. तो केवळ अनुक्त आहे. अनुक्तता आणि अनिश्चितता या भिन्न गोष्टी होत.

यावर असा आक्षेप येईल की, इंग्रजी शब्दामुळेच ध्वनिसिद्धान्त जगापुढे गेला. ते खरे आहे, आणि इंग्रजीत याहून सोयीचा शब्द सापडणे कठीण हेही खरे. परंतु इंग्रजीची ही अडचण मराठीने आपली का मानावी? शिवाय मराठीत ‘सूचना’ म्हणताच फलकावरची सूचना आठवते, ‘सूचक’ म्हणताच ठरावाचा सूचक आणि अनुमोदक. ‘सुचणे’ हे क्रियापद मात्र अर्थपूर्ण आहे. ‘मला सुचले’ या प्रयोगात विचार आपण होऊन उगवतो. ‘सुचविणे’ म्हणजे तो दुसऱ्याच्या मनात उगवेल असे करणे. सहृदयाच्या प्रतिभेवाचून व्यंग्यार्थ नाही, या तत्त्वाची जाण या रूपात काही अंशी उतरली आहे.

तेव्हा जेथे तर्क आहे तेथे अनुमान, जेथे आठवणींची साखळी आहे तेथे साहचर्य, आणि जेथे व्यंजना आहे तेथे व्यंजनाच म्हणावे. ‘कवीने येथे मृत्यू सूचित केला आहे’ असे वाक्य प्रबंधात लिहिताना विद्यार्थ्याने क्षणभर थांबून हे ‘सूचित’ यांपैकी कोणते, असे स्वतःस विचारावे. उत्तर मिळाले तर ते वाक्य समीक्षेचे ठरेल. न मिळाले तर वाक्य खोडलेले बरे.