मारिओ कार्ट : मागे पडलेल्याला हात देणारा खेळ

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली तेव्हा नववीतील एक मुलगी आमच्याकडे तक्रार घेऊन आली. तक्रार एका व्हिडिओ गेमविरुद्ध होती. मामाच्या घरी भावंडांबरोबर 'मारिओ कार्ट' खेळताना ती तिसऱ्या आणि शेवटच्या फेरीत पहिली होती. अंतिम रेषा समोर दिसत असताना मागून एक निळे कवच उडत आले, तिच्या गाडीवर फुटले आणि तिचा क्रमांक एकदम पाचवा झाला. तिच्या पुढे निघून गेलेल्यांत तिचा आठ वर्षांचा मामेभाऊही होता. "त्याला नीट वळतासुद्धा येत नाही, सर. हा खेळ चक्क चीटिंग करतो!"

आम्ही दोघे त्या वर्गाला भौतिकशास्त्र आणि गणित शिकवतो. खेळ खरोखर फसवतो का, हा प्रश्न आम्हांला आमच्याच विषयाचा वाटला. एका सहकाऱ्याच्या घरी हा खेळ होता. तेथे आम्ही काही शनिवार दुपारी जाऊन बसलो. सुरुवातीचे दोन शनिवार आमची गाडी रस्त्यापेक्षा गवतातच अधिक धावली, हे आधीच कबूल केलेले बरे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जपानमधील क्योटो येथील निन्तेंडो कंपनीने १९९२ साली 'सुपर मारिओ कार्ट' बाजारात आणला. मिशीवाला मारिओ आपल्याकडे नव्वदच्या दशकात 'टीव्ही गेम' म्हणून मिळणाऱ्या नकली डब्यांतून घरोघर पोचला होता. पण हा खेळ त्या डब्यांवर चालत नसे, त्याला कंपनीचे पुढच्या पिढीचे यंत्र लागे. मारिओ, त्याचा भाऊ लुईजी, राजकन्या पीच, कासवासारखा दिसणारा दुष्ट बाऊजर अशी व्यंगचित्रांतील आठ पात्रे छोट्या उघड्या गाड्यांत बसून शर्यत लावतात. वाटेत प्रश्नचिन्हाच्या खोक्यांतून वस्तू मिळतात. त्या दुसऱ्याला पाडण्यासाठी किंवा स्वतःचा वेग वाढवण्यासाठी वापरायच्या. पुढे याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. आम्ही मुख्यतः खेळलो ती २०१७ सालची 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'. तिच्यात १२ गाड्या असतात आणि तिच्या ६ कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत.

आधी १९९२ च्या खेळातील एक युक्ती सांगायलाच हवी, कारण वर्गात ती जशीच्या तशी वापरता येते. त्या यंत्राला आजच्यासारखी त्रिमिती चित्रे काढता येत नव्हती. त्याच्याजवळ होता तो फक्त जमिनीचा सपाट नकाशा, १०२४ × १०२४ ठिपक्यांचा, अंगणात काढलेल्या मोठ्या रांगोळीसारखा. टीव्हीचे चित्र आडव्या ओळींनी रंगवले जात असे. यंत्र प्रत्येक ओळीसाठी नकाशाचे प्रमाण बदलत असे. क्षितिजाजवळच्या ओळीत नकाशा आकसलेला, खालच्या ओळीत फुगवलेला. एवढ्यानेच रस्ता दूरवर पळत गेल्यासारखा दिसतो. हे जमते याचे कारण असे की, आपण समोर सरळ पाहत असलो तर पडद्यावरील एका आडव्या ओळीत दिसणारी सगळी जमीन आपल्यापासून समोरच्या दिशेने सारख्याच अंतरावर असते. म्हणून एका ओळीला एकच प्रमाण पुरते. ओळ क्षितिजाच्या जितकी खाली, तितके अंतर कमी. दुप्पट खाली गेलो की अंतर निम्मे. व्यस्त चलनाचे इतके देखणे उदाहरण पाठ्यपुस्तकात आम्हांला सापडलेले नाही. चित्रकलेचे शिक्षक यथार्थदर्शन शिकवताना आगगाडीचे रूळ काढतात, त्याच तासाला गणिताच्या शिक्षकाने आलेखकागद घेऊन शिरावे. या हिशेबासाठी खेळाच्या कार्ट्रिजमध्ये एक वेगळी चिपही बसवलेली होती. युक्तीची किंमत मात्र दिसतेच. सगळी जमीन सपाट, एकही चढ नाही, आणि गाड्या म्हणजे निरनिराळ्या कोनांतून आधीच काढून ठेवलेली चित्रे. चढउतार आले ते १९९६ च्या 'मारिओ कार्ट ६४' मध्ये.

भौतिकशास्त्राच्या बाबतीत खेळाला काठावर पास करावे लागेल. जड पात्राची गाडी सुटताना मंद असते आणि टक्कर झाली की हलक्या गाडीला बाजूला फेकते. हे न्यूटनला मान्य होण्यासारखे आहे. जड गाडीचा कमाल वेग अधिक असतो, ही मात्र खेळाची सोय. सपाट रस्त्यावर कमाल वेग ठरतो तो इंजिनाची शक्ती आणि हवेचा विरोध यांवरून. नुसते वजन वाढवून तो वाढत नाही.

खरी अडचण वळणावर येते. वळताना लागणारे अभिकेंद्री बल टायर आणि रस्ता यांतील घर्षणातून मिळते, त्यामुळे वळणावरील वेगाला मर्यादा असते. घर्षणांक ०.८ आणि वळणाची त्रिज्या २० मीटर धरली, तर हा वेग सेकंदाला सुमारे १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर येतो. त्यात वस्तुमान कोठेच येत नाही, हे मुलांकडून काढून घ्यावे. खरा चालक बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर असा मार्ग धरून त्रिज्या मोठी करतो. त्रिज्या सव्वादोन पट झाली की वेग दीडपट ठेवता येतो. खेळातील ५० आणि १०० सीसीच्या शर्यतींत ही मर्यादा जवळजवळ जाणवत नाही, ब्रेक आहे हेच आपण विसरतो. २०० सीसीच्या शर्यतीत मात्र तो आठवतो. त्यातून वळणावर गाडी घसरवत नेली की चाकांखाली निळ्या, मग नारिंगी ठिणग्या उडतात आणि घसरणे थांबवताच गाडी झेप घेते. खऱ्या रस्त्यावर घसरणाऱ्या टायरमुळे गतिज ऊर्जेची उष्णता होते आणि वेग घटतो. खेळ येथे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सरळ धाब्यावर बसवतो. आम्हांला याचा राग आला नाही, पण वर्गात हे बोलून दाखवायला हवे. (खऱ्या कार्टची एक गंमत खेळात नाही, याचे अधिक वाईट वाटले. कार्टची मागची दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर घट्ट बसवलेली असतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडायचे असते, पण दोघांना तर एकाच गतीने फिरणे भाग. म्हणून कार्टचा सांगाडा असा करतात की वळताना आतले मागचे चाक किंचित उचलले जावे.)

आता त्या मुलीच्या तक्रारीकडे येऊ. खोक्यातून कोणती वस्तू निघेल हे निव्वळ नशिबावर नसते. पुढे असलेल्याला बहुधा केळ्याची साल, नाणे किंवा साधे हिरवे कवच मिळते. मागे रखडलेल्याला अभेद्य करणारा तारा, गाडीला आपोआप पुढे नेणारा तोफगोळा, नाहीतर सगळ्यांना लहान आणि मंद करणारी वीज. निळे कवच 'मारिओ कार्ट ६४' पासून आले आणि ते पहिल्या क्रमांकाच्या मागे लागते. इस्त्रीतील थर्मोस्टॅट असेच काम करतो. इस्त्री तापली की प्रवाह तुटतो, निवली की पुन्हा सुरू होतो. फरक वाढला की त्याला कमी करणारी क्रिया सुरू होणे, याला ऋण प्रत्याभरण म्हणतात. आपल्याकडचा 'व्यापार' हा पटावरचा खेळ नेमका उलट आहे. ज्याच्याकडे जागा त्याला भाडे, ज्याला भाडे त्याला आणखी जागा. अर्ध्या तासात निकाल ठरतो आणि उरलेला वेळ हरणारा नुसता पैसे मोजत बसतो. सापशिडी आंधळी असते. ९८ वरचा साप पुढच्याला गिळतो आणि मागच्यालाही.

या प्रत्याभरणामुळेच मारिओ कार्टची मोठी खुबी साधते. आमच्या सहकाऱ्याच्या मातोश्री, त्यांचा नातू आणि आम्ही एकाच शर्यतीत खेळलो आणि शेवटपर्यंत कोणीही रिमोट खाली ठेवला नाही. अशा खेळात आजी टिकते, ही लहान गोष्ट नव्हे.

दोष येतो तो मात्रेत. हे तपासायला पडदा लागत नाही, दोन सोंगट्या आणि दोन फासे पुरतात. ८० घरांची पट्टी आखा. एका खेळाडूला 'कसबी' म्हणा; त्याच्या प्रत्येक दानात १ मिळवायचा. फाशाचे सरासरी दान ३.५, म्हणून कसब्याचे ४.५. मदत नसेल तर दर दानाला तो सरासरी एक घर पुढे जाईल आणि वीस दानांत अंतर वीस घरांच्या आसपास पोचेल. आता नियम करा की मागे असलेल्याने दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. दोन फाशांतील मोठ्या आकड्याची सरासरी ४.४७ येते, छत्तीस शक्यता मांडून मुलांना ती काढू द्यावी. कसब्याची आघाडी आता आपोआप वाढत नाही, पण तो मागे पडला तर हीच मदत त्यालाही मिळते आणि तो बहुधा पुन्हा पुढे येतो. डाव रंगतो आणि कसबही वाया जात नाही. आता मदत वाढवा : मागच्याने दोन्ही फाशांची बेरीज घ्यावी, सरासरी ७. पुढे असलेला कसबी दर दानाला सरासरी अडीच घरे गमावू लागतो. दोघे एकमेकांना चिकटूनच चालतात, आणि जिंकायचे असेल तर अखेरच्या दोनतीन दानांपूर्वी मागे असलेलेच बरे! आमच्या मते निळे कवच या दुसऱ्या जातीचे आहे. 'मारिओ कार्ट ८' मध्ये त्याला फोडणारा भोंगा दिलेला आहे, पण तो नेमक्या वेळी जवळ असणे पुन्हा खोक्याच्याच हाती.

दुसरा दोष आम्हांला अधिक गंभीर वाटतो. वस्तू निदान डोळ्यांना दिसते. १९९२ च्या खेळात यंत्राने चालवलेल्या गाड्या खोकी न घेताच आपापली अस्त्रे हवी तितकी फेकतात. शिवाय आपण कितीही चांगली फेरी मारली तरी त्या गाड्या वेग वाढवून पाठीशी येऊन चिकटतात. 'मारिओ कार्ट ६४' मध्येही तोच प्रकार. त्या कशा आल्या ते कळत नाही. एकट्याने खेळणाऱ्या मुलाला आपण सुधारलो की नाही याचा पत्ता लागत नाही, आणि ही सरळ फसवणूक आहे. याउलट 'डिलक्स'मध्ये लहान मुलांसाठी गाडी रस्त्यावर राखणारी मदत आहे. ती चालू असली की गाडीच्या मागे अँटेना उभारलेली सगळ्यांना दिसते, आणि ती घेणाऱ्याला काही जवळच्या वाटा आणि घसरण्यातून मिळणारी सर्वांत मोठी झेप सोडावी लागते. मदत उघड आहे आणि तिची किंमतही उघड आहे. ज्याने ही कल्पना काढली त्याला आम्ही आमच्या शाळेत आनंदाने घेऊ.

कसब मोजायचे असेल तर खेळातच 'टाइम ट्रायल' आहे. तेथे प्रतिस्पर्धी नाहीत, प्रश्नचिन्हाची खोकी नाहीत, फक्त घड्याळ आणि आपल्याच आधीच्या धावेचे धूसर भूत. आम्ही दोघांनी आमच्या भुतांना हरवले तेव्हा झालेला आनंद वयाला शोभणारा नव्हता.

हे सारे आम्ही त्या मुलीला सांगितले. निळे कवच फसवत नाही, नियम सगळ्यांना सारखाच आहे, तूही कधीतरी मागे असताना त्याच नियमाने वर आली असशील, असेही म्हणालो. ती म्हणाली, "मग खेळाने नियम आधी सांगायला हवा होता." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. खोक्याचा नियम पडद्यावर कोठेही लिहिलेला नाही, तो खेळणाऱ्याने ताडायचा असतो. सध्या ती फाशांच्या डावात स्वतःचा नियम लावून पाहते आहे : मागच्याला काही द्यायचे नाही, पुढच्यालाच दर तिसऱ्या दानाला दोन घरे मागे आणायचे. वही अजून आमच्याकडे यायची आहे.