रहस्यकथा आणि महाविद्यालयीन निबंधलेखन : 'सिल्व्हर ब्लेझ'च्या निमित्ताने

महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या निबंधात भाषेच्या अशुद्धीपेक्षाही अधिक चिंताजनक असा एक दोष आढळतो. त्याचे मत पहिल्या वाक्यात ठरलेले असते आणि पुढील पाने केवळ त्या मताच्या पुनरुक्तीने भरलेली असतात. मत व पुरावा ह्यांत अंतर असते आणि ते पायरीपायरीने ओलांडावे लागते, ही जाणीव त्यात क्वचितच दिसते. वस्तुतः वादप्रधान निबंधाची आपली परंपरा दुबळी नाही. चिपळूणकरांची 'निबंधमाला' 1874 साली सुरू झाली, आगरकरांचा 'सुधारक' 1888 साली. प्रतिपक्षाचे म्हणणे मांडून मग त्याचे खंडन करण्याची रीत त्या गद्याने मराठीत रुजविली. ही रीत आजच्या वर्गात पुन्हा कशी रुजवावी, हा प्रश्न आहे. त्यासाठी रहस्यकथेचा उपयोग करावा, असे सुचविले जाते. ही सूचना कितपत ग्राह्य आहे, ह्याचा विचार येथे एका कथेच्या आधारे करावयाचा आहे.

ह्या सूचनेकडे केवळ करमणुकीची सोय म्हणून पाहणे योग्य होणार नाही. 1841 साली पहिली आधुनिक गुप्तहेरकथा लिहिणाऱ्या एडगर ॲलन पो ह्यानेच 1846 साली रचनाशास्त्रावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. कृतीचा शेवट आधी निश्चित करावा व मग आरंभाकडे यावे, हा त्यातील मुख्य विचार. डॉरोथी सेयर्स ह्या लेखिकेने 1935 साली ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राची सूत्रे रहस्यकथेस लावून दाखविली. वाचकाने स्वतःहून चुकीचे अनुमान काढावे अशी योजना करणे, हे तिच्या मते ह्या प्रकाराचे खरे कौशल्य होय. आपल्याकडे हजाराहून अधिक पुस्तके लिहून बाबुराव अर्नाळकरांनी फार मोठा वाचकवर्ग घडविला. परंतु झुंजार किंवा काळा पहाड ह्यांच्या कथांचे बळ मुख्यतः साहसात व वेगात आहे. अनुमानाच्या अभ्यासासाठी आर्थर कॉनन डॉयलची कथा अधिक सोयीची पडते.

'सिल्व्हर ब्लेझ' ही कथा डिसेंबर 1892 मध्ये 'स्ट्रँड' मासिकात प्रसिद्ध झाली. डार्टमूरच्या माळावरील एका तबेल्यातून शर्यतीचा नामांकित घोडा रात्री नाहीसा होतो आणि त्याचा शिक्षक जॉन स्ट्रेकर माळावर मृतावस्थेत सापडतो. राखणीच्या मुलाला रात्रीच्या जेवणातून अफू दिली गेली होती. इन्स्पेक्टर ग्रेगरीने फिट्झरॉय सिम्प्सन नावाच्या सट्टेबाजास पकडले आहे. तो त्याच संध्याकाळी तबेल्यापाशी बातमी काढण्यास आला होता, त्याचा गळपट्टा मृताच्या हातात सापडला, त्याचे कपडे भिजलेले होते आणि त्याच्याजवळ शिसे भरलेली जड काठी होती.

अध्यापनाचा आरंभ येथेच करावा. शेरलॉक होम्सचे उत्तर बाजूला ठेवून विद्यार्थ्याने प्रथम ग्रेगरीचा पूर्वपक्ष, शक्य तितका बळकट करून, लिहावा. तो लिहिताना एक गोष्ट ध्यानात येते. गळपट्टा, काठी, भिजलेले कपडे ही प्रत्यक्ष सापडलेली प्रमाणे आहेत. पण आक्षेपांना उत्तरे देताना ग्रेगरीची भाषा पालटते. अफू बहुधा लंडनहून आणली असेल. किल्ली काम झाल्यावर फेकून दिली असेल. घोडा एखाद्या जुन्या खाणीच्या तळाशी असू शकेल. ह्यांतले कोणतेही विधान अशक्य नाही. परंतु कशालाही आधार नाही. पूर्वपक्ष कोठे ढिला पडतो, हे विद्यार्थ्यास परक्याने सांगावे लागत नाही. स्वतःच्याच वाक्यांच्या क्रियापदांवरून ते त्याला कळते.

आता होम्सच्या प्रसिद्ध अनुमानाकडे वळू. तबेल्यात कुत्रा होता. रात्री कोणी तरी येऊन घोडा बाहेर काढला. कुत्र्याने गलका केला नाही. म्हणून येणारा मनुष्य कुत्र्याच्या परिचयाचा होता. होम्स अशा विचाराला निगमन म्हणतो. परंतु ह्याची जात निराळी आहे. पर्सच्या तर्कविचाराच्या आधारे उंबेर्तो एको व टॉमस सेबिओक ह्यांनी 1983 साली संपादित केलेल्या ग्रंथात ही गोष्ट विस्ताराने चर्चिली गेली. आपल्या परंपरेत तर हा प्रकार जुनाच आहे. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, त्याअर्थी तो रात्री जेवत असला पाहिजे, हे मीमांसकांचे अर्थापत्तीचे उदाहरण सर्वपरिचित आहे. दोन ज्ञात गोष्टींचा मेळ बसत नाही, तेव्हा तो बसविणारी तिसरी गोष्ट मानावी लागते. नैयायिक हिला स्वतंत्र प्रमाण न मानता अनुमानातच घालतात. पण तो वाद येथे बाजूस ठेवू. महत्त्वाचे असे की, अर्थापत्तीचे सामर्थ्य त्या दोन ज्ञात गोष्टी खरोखरच ज्ञात असण्यावर अवलंबून असते.

तेव्हा विद्यार्थ्याने विचारावयाचा प्रश्न हा की, कुत्रा भुंकला नाही हे कोणी सांगितले? कथा नीट वाचली तर उत्तर मोठे मार्मिक आहे. राखणीचा मुलगा अफूच्या गुंगीत होता. वर माळ्यावर झोपलेल्या दोन मुलांनी काही ऐकले नाही. आणि ती दोघे गाढ झोपणारी आहेत, असे त्याच कथेत नमूद आहे. म्हणजे 'कुत्रा भुंकला नाही' ही पाहिलेली घटना नसून, गाढ झोपलेल्यांच्या न ऐकण्यावरून काढलेले आणखी एक अनुमान आहे. होम्सही, काळजीपूर्वक, माळ्यावरील मुले जागी होण्याइतके कुत्रा भुंकला नाही, एवढेच म्हणतो. स्मरणात मात्र कुत्र्याचे निरपवाद मौन उरते. शिवाय कुत्र्यासही गुंगीचे औषध दिले गेले असण्याची शक्यता कथेत कोठेही स्पष्टपणे खोडलेली नाही. सिम्प्सन आला तेव्हा राखणीचा मुलगा कुत्र्याला सोडण्यास धावला, ह्यावरून संध्याकाळपर्यंत कुत्रा सावध असावा, इतकेच म्हणता येते.

मग होम्सचा सिद्धांत टिकतो तो कशावर? अन्य, स्वतंत्र पुराव्यांवर. अफूची चव झाकली जाईल असे मसालेदार मटण त्याच रात्री शिजावे, अशी व्यवस्था बाहेरच्या सिम्प्सनला करता येणे शक्य नव्हते. ती घरातल्याच माणसाची असली पाहिजे. तेच जेवण इतरांनीही घेतले व त्यांना काही झाले नाही, म्हणजे अफू मुलाच्या वाढलेल्या ताटातच घातली गेली. मृताच्या हातात शस्त्रक्रियेची नाजूक सुरी होती. त्याच्या खिशातील भारी पोशाखाच्या बिलाने त्याची पैशाची गरज उघड होते. तबेल्याच्या कळपातील तीन मेंढ्या अलीकडे लंगडू लागल्या होत्या. घोड्याची शीर कापण्याचा सराव त्याने त्यांच्यावर केला होता. मेंढ्यांविषयीचा प्रश्न आपण अंदाजानेच विचारला, हे होम्स लपवीत नाही. कुत्र्याचा धागा एकटा असता तर तुटला असता. ह्या इतर धाग्यांबरोबर वळला गेल्याने तो भार पेलतो. एका चमकदार पुराव्यावर निबंध उभा करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास ह्याहून उपयुक्त धडा देता येणार नाही.

ह्या अभ्यासात मराठी भाषा विशेष साह्यकारी ठरते. 'होता', 'असला पाहिजे', 'असावा', 'असेल', 'असू शकेल', आणि ऐकीव गोष्टीसाठी 'म्हणे', अशी निश्चितीची एक संपूर्ण उतरंड आपल्या नित्याच्या बोलण्यात आहे. 'कुत्रा भुंकला नाही' आणि 'कुत्रा फारसा भुंकला नसावा' ह्या दोन वाक्यांतील अंतर हेच पुराव्याचे अंतर होय. प्रत्येक विधानाचे क्रियापद त्याच्या आधाराइतकेच बळकट असावे, हा एक नियम विद्यार्थ्याने पाळला, तरी त्याच्या निबंधाची निम्मी सुधारणा होईल, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि ह्या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. पोने म्हटल्याप्रमाणे रहस्यकथा शेवटाकडून आरंभाकडे रचली जाते. तिच्यातील प्रत्येक खूण लेखकाने आधीच पेरलेली असते व तिचा एकच अर्थ शेवटी खरा ठरतो. इतिहासाचा कागद किंवा कवितेची ओळ अशी आज्ञाधारक नसते. तेव्हा विद्यार्थ्याने होम्सची रीत गिरवली, तर तो निष्कर्ष आधी ठरवून पुरावे जमवू लागेल; म्हणजे ज्या दोषाच्या निवारणासाठी ही कथा वर्गात आणली, तोच बळावेल. शिवाय तर्क निर्दोष असला तरी माहिती सदोष असू शकते. शर्यतीच्या नियमांविषयी आपल्या अज्ञानामुळे ह्या कथेत ढोबळ चुका झाल्या, अशी कबुली डॉयलने 1924 सालच्या आत्मचरित्रात मोकळेपणाने दिली आहे.

म्हणून रहस्यकथा वर्गात आणावी ती नमुना म्हणून नव्हे, परीक्षेसाठी. होम्सविषयी विद्यार्थ्याच्या मनात कौतुक उत्पन्न झाले, तर त्याला एक कथा मिळाली. होम्सला प्रश्न विचारण्याचे धैर्य उत्पन्न झाले, तर तो पुढे वर्तमानपत्रास, पाठ्यपुस्तकास, अध्यापकास आणि सर्वांत शेवटी स्वतःच्या निबंधासही तोच प्रश्न विचारील की, हे तुम्हांस कसे कळले? रचनेच्या अध्यापनाचे प्रयोजन ह्याहून निराळे नाही.