लुआ_लोड: एका इंटरफेसची चिकित्सा

सी प्रोग्राममध्ये लुआ बसवताना बहुतेक विद्यार्थी लुआएल_डूस्ट्रिंग या एका ओळीपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. स्क्रिप्टचा मजकूर इंटरप्रिटरपर्यंत कसा पोचतो, हे त्या ओळीत दिसत नाही. ते पाहायचे तर त्यामागचे मूळ फंक्शन, लुआ_लोड, तपासावे लागते.

लुआ_लोडला आपण लिहिलेले ‘रीडर’ फंक्शन द्यायचे असते. इंटरप्रिटरला मजकूर लागेल तेव्हा तो रीडरला कॉल करतो. रीडर एका तुकड्याचा पॉइंटर परत करतो आणि तुकड्याची लांबी कळवतो. नल पॉइंटर किंवा शून्य लांबी म्हणजे मजकूर संपला. लुआ_लोड स्क्रिप्ट फक्त कंपाइल करते. चालवण्यासाठी लुआ_पीकॉल वेगळे लागते.

ही रचना चांगली आहे. मजकूर फाइलमधून येतो की मेमरीतून, याच्याशी लुआला देणेघेणे नाही. लुआएल_लोडफाइल आणि लुआएल_लोडबफर याच फंक्शनवर उभी आहेत. पूर्ण स्क्रिप्ट एकदम मेमरीत ठेवावी लागत नाही. अट एकच: दिलेला तुकडा रीडरच्या पुढच्या कॉलपर्यंत शाबूत राहिला पाहिजे. म्हणून रीडरमधला साधा लोकल अॅरे परत करणे ही चूक आहे.

उणीव वेगळ्या ठिकाणी आहे. रीडर दोनच गोष्टी सांगू शकतो: ‘हा घ्या तुकडा’ किंवा ‘संपले’. ‘अजून आले नाही’ असे सांगायची सोय नाही, आणि कंपाइल चालू असताना यील्डही करता येत नाही. माझ्या अंतिम वर्षाच्या एका गटाची स्क्रिप्ट सीरियल पोर्टवरून येत होती. बफर रिकामा दिसताच त्यांचा रीडर शून्य लांबी देई. मजकूर फंक्शनच्या मध्येच तुटला की एरर येई, ते बरेच म्हणायचे. पण एकदा तो दोन विधानांच्या मधोमध तुटला. तेवढा भाग व्याकरणाने पूर्ण होता, म्हणून तो बिनतक्रार चालला. मोटर सुरू करणारी ओळ पोचली होती. बंद करणारी यायची होती.

अपुऱ्या मजकुराचा प्रश्न खुद्द लुआलाही चुकलेला नाही. अपुऱ्या आणि चुकीच्या मजकुराला लुआ_लोड एकच सिंटॅक्स एरर कोड देते. त्यामुळे लुआचा स्वतःचा कमांड-लाइन प्रोग्राम एरर संदेशाच्या शेवटी ‘ईओएफ’ ही खूण शोधतो आणि मगच पुढची ओळ मागतो. संदेशाच्या शब्दांवरून निर्णय घ्यावा लागणे ही इंटरफेसची कमतरताच आहे.

तरीही दोष देताना कारण पाहावे. लुआचा पार्सर हाताने लिहिलेला, रिकर्सिव्ह डिसेंट पद्धतीचा आहे. त्याची अर्धवट स्थिती सीच्या स्टॅकवर असते, म्हणून तो मध्येच थांबवून ठेवता येत नाही. पार्सर लहान आणि वेगवान आहे, त्याची ही किंमत आहे. फाइलसाठी ती परवडते. सावकाश येणाऱ्या मजकुरासाठी नाही.

म्हणून अशा प्रकल्पात आधी लांबी पाठवा, तेवढे बाइट पूर्ण जमा करा आणि मगच लुआएल_लोडबफरएक्स वापरा. मोड फक्त मजकुराचा, म्हणजे ‘टी’, ठेवा. मुद्दाम बिघडवलेला बायनरी कोड इंटरप्रिटर पाडू शकतो. लोड आणि पीकॉल या दोन्हींचे निकाल वेगवेगळे तपासा.

विचार करा: लांबी पोचली, पण मजकूर अर्ध्यात थांबला, तर तुमचा प्रोग्राम किती वेळ वाट पाहील? आणि तोवर मोटरचे काय?