अण्णांचा सूर आणि चिकचा ट्रम्पेट

हिंदी चित्रपटसंगीतात पाश्चात्त्य ताल सी. रामचंद्र यांनी आणला, हे विधान मराठी वाचकाने इतक्या वेळा वाचले आहे की त्याविषयी शंका घेणे कृतघ्नपणाचे वाटावे. 12 जानेवारी 1918 रोजी पुणतांबे येथे जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर हे आपल्या गोदाकाठचे. मतमाउलीच्या यात्रेसाठी मनमाडहून रेल्वेने श्रीरामपूरकडे जाणाऱ्या आमच्या भाविकांना पुणतांबे आणि चितळी ही स्थानके चांगली परिचयाची आहेत. अण्णांच्या मोठेपणाचा अभिमान म्हणूनच आम्हांसही आहे. परंतु आमच्या समाजात, विशेषतः गोव्याशी नाते सांगणाऱ्या कुटुंबांत, दुसरेच एक विधान तितक्याच ठामपणे केले जाते. तो ताल अण्णांनी आणलाच नाही, तो आपल्या माणसांनी आणला. अण्णांनी त्यावर स्वतःचे नाव घातले, एवढेच.

नाशिकला मुंबई-आग्रा रस्ता व पुण्याचा रस्ता जेथे मिळतात, त्या द्वारका परिसरातील एका स्नेह्यांच्या घरी अलीकडे या प्रश्नावर मोठा खल झाला. वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात निवेदकाने 'संगीत सी. रामचंद्र' एवढेच म्हटले, याचा आमच्यातील एका ज्येष्ठांना राग आला होता. ट्रम्पेट वाजविणाऱ्याचे नाव का घेत नाहीत, हा त्यांचा प्रश्न. चर्चेत बसलेल्या एका तरुणाने तेव्हा अमेरिकेतील डॉ. ड्रे या हिप-हॉप निर्मात्याचे उदाहरण दिले. हिप-हॉप म्हणजे ठेक्यावर केलेले वेगवान, यमकबद्ध पठण. तो ठेका आणि त्याभोवतीचा नाद जो रचतो त्यास तेथे निर्माता, म्हणजे प्रोड्यूसर, म्हणतात. पैसा घालणाऱ्यास नव्हे. ड्रे यांची कीर्ती 1992 सालच्या 'द क्रॉनिक'पासून जगभर झाली. परंतु त्यांच्या 1999 मधील एका अतिशय गाजलेल्या रचनेतील पियानोचे ते सर्वांना ओळखू येणारे सूर स्कॉट स्टॉर्च या दुसऱ्याच कलावंताने वाजविलेले आहेत. मग श्रेय कोणाचे? आपल्याकडे याच्या उलटही घडते. 2015 मध्ये अंधेरीच्या विवियन फर्नांडिस तथा डिवाइन याचे 'मेरे गली में' घरोघर पोचले. त्या गीताचा ठेका रचणाऱ्या 'सेझ ऑन द बीट'चे नाव मात्र हा प्रकार आवडीने ऐकणाऱ्यांपुरतेच राहिले. तेव्हा अण्णांचा प्रश्न जुना झाला आहे, असे आम्हांस वाटत नाही.

त्याचा निवाडा करावयाचा तर 1950 च्या सुमारास गाणे कसे घडत असे, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. संगीतकार पेटीवर चाल बांधी आणि ती गाऊन दाखवी. ती चाल स्मरणात राहणारी, कंठातून कंठात जाणारी असे. तीस चाळीस व्हायोलिने, क्लॅरिनेटे, सॅक्सोफोन, ट्रम्पेट असा ताफा एकत्र वाजवावयाचा तर प्रत्येकाच्या पुढ्यात लिखित स्वरलिपी हवी. ती लिहिणे बहुतेक संगीतकारांना येत नव्हते. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून मात्र पोर्तुगीज काळापासून मेस्त्रीच्या हाताखाली मुले सोल्फा, व्हायोलिन आणि स्वरलिपीचे वाचन शिकत. मिस्सामध्ये गाण्यावाजविण्यासाठी ते शिक्षण होते. हीच मुले मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत गेली. चालीच्या दोन कडव्यांमधील वाद्यांचा तुकडा कोणता, गायिकेच्या सुरामागून व्हायोलिने कोणत्या वाटेने जातील, ट्रम्पेट कोठे उसळेल आणि कोठे गप्प राहील, हे सारे कागदावर उतरविणारा तो अरेंजर. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्याचे नाव क्वचितच येई, आणि आले तरी 'सहाय्यक' म्हणून.

अण्णांचा असा सहकारी म्हणजे चिक चॉकलेट. मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, जन्म 1916, गाव बार्देशातील हळदोणे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजत असे आणि रसिक त्यास हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. 1951 च्या 'अलबेला'त तो आपल्या वादकांसह नटलेल्या पोशाखात पडद्यावरच दिसतो. भगवानदादांच्या पावलांकडे पाहता पाहता त्याच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी ते दृश्य पुन्हा एकदा पाहावे. एरवी काचेमागे राहणारा वादक येथे सर्वांसमोर उभा आहे. संगीतकाराची संमती असल्यावाचून हे घडले असेल, असे आम्हांस वाटत नाही.

आता ज्येष्ठांचा पक्ष तपासू. 'शहनाई' (1947), 'पतंगा' (1949), 'समाधी' (1950), 'अलबेला' (1951), 'आशा' (1957): यांतील ज्या गाण्यांवर अण्णांची 'आधुनिक' म्हणून कीर्ती उभी आहे, त्यांतील वाद्यांची बोली अण्णांच्या शिक्षणातून आलेली नाही. ते पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली शिकले, मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवीत राहिले. ती बोली ज्यांनी बोलून दाखविली ते वादक होते. 'समाधी'तील सर्वांत लोकप्रिय गाण्याची चाल तर 'डॉल फेस' (1945) या अमेरिकन चित्रपटातील एका गीतावरून घेतलेली आहे, हे त्या गीताची तबकडी ऐकणाऱ्यास सहज कळते. 'आशा'तील निरर्थक अक्षरांच्या त्या गाण्यात कोंकणीतील 'मला नको' अशा अर्थाचे दोन शब्द येतात. ते अण्णांचे गोवेकर सहाय्यक जॉन गोम्स यांनी घातले, असे सांगितले जाते. आमच्या घरांतील मुले त्या शब्दांवर हमखास हसतात आणि इतरांना त्यांचा पत्ता नसतो. एवढे पुरावे पुढे आल्यावर 'पाश्चात्त्य ताल आणणारे अण्णा' हे वर्णन जसेच्या तसे ठेवता येणार नाही. येथपर्यंत आम्ही ज्येष्ठांच्या बाजूचे.

येथून पुढे मात्र नाही. अरेंजर हाच सर्वस्व असता तर एकाच अरेंजरची सारी गाणी एकसारखी वाटली असती. रेइश मागुशचे सेबास्टियन डिसोझा यांनी ओ. पी. नय्यर यांच्यासाठीही काम केले आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठीही. स्वरलिपी लिहिणारा हात एकच. तरीही नय्यर यांचे गाणे आणि शंकर-जयकिशनचे गाणे यांत गल्लत करणारा श्रोता शोधून सापडणार नाही. नय्यर यांच्या चालीचा ठुमका आणि शंकर-जयकिशन यांच्या व्हायोलिनांची भरती या दोन वेगळ्या मनांच्या मागण्या आहेत. सेबास्टियन यांचे मोठेपण दोन्ही मने जाणण्यात आहे, आणि ते थोडेथोडके नाही.

दुसरे असे की अण्णांकडून ट्रम्पेट काढून घेतला तर काय उरते, याचे उत्तर 1953 च्या 'अनारकली'त आहे. तेथे ना जॅझ, ना रुंबा. तरीही त्या चाली लता मंगेशकरांच्या गळ्यात अशा बसल्या आहेत की त्यांची कीर्ती 'अलबेला'पेक्षा कमी नाही. आणि 'अलबेला'तच नाचाच्या गाण्यांशेजारी एक अंगाईगीत आहे. बोंगो, ओबो, सॅक्सोफोन यांचा कल्लोळ आणि मुलाला निजविणारा तो मंद सूर, हे दोन्ही एका चित्रपटात एकाच माणसाने मागितले. आम्ही अण्णांना श्रेय देतो ते या मागण्याचे. त्यांना वाद्यांची बोली येत नव्हती. कोणते वाक्य कोठे बोलावयाचे हे त्यांना कळत होते. शिवाय स्विंगचा ठेका कितीही परदेशी असो, त्यावरची चाल ते अशी बांधीत की वरातीतल्या बँडला ती एका दिवसात बसावी आणि वऱ्हाडातल्या आत्याबाईंनाही ती गुणगुणता यावी. ट्रम्पेटवाल्यांच्या मैफलीत हे घडत नसे. ती मैफल ताजच्या नाचघरात जाणाऱ्या थोड्यांची होती.

ज्येष्ठांच्या पक्षातील आणखी एक गोष्ट आम्हांस खटकते, ती 'आपल्या माणसांनी' या शब्दांतील मालकी. जॅझ गोव्यात जन्मास आला नाही. 1935 मध्ये लिऑन अ‍ॅबी हे आपला कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन ताजमध्ये आले. त्यानंतर क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे अमेरिकन कृष्णवर्णीय कलावंत मुंबईत वाजवीत राहिले, आणि त्यांच्याकडून व तबकड्यांवरून गोव्याच्या वादकांनी ही कला उचलली. चिकने आर्मस्ट्राँगचा सूर घेतला, अण्णांनी चिकचा. पहिले घेणे ही साधना आणि दुसरे मात्र चोरी, असा न्याय आम्हांस करता येत नाही.

मग अन्याय झालाच नाही काय? झाला, तो नावाच्या बाबतीत झाला आणि दामाच्या बाबतीत झाला. वादकास त्या दिवसाच्या कामाचे पैसे मिळत, गाणे पुढे कितीही वाजो. नाव तर त्याहून दुर्मीळ. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात भारतीय रागांवर आधारलेल्या वाद्यवृंदरचना सादर केल्या. लता मंगेशकर व मन्ना डे त्यांत गायले. या घटनेचे स्मरण आज किती जणांना आहे? 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'त त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे गुरूचे नाव एका विनोदी गाण्यात आले आणि देशभर दुमदुमले. पण बहुतेक श्रोत्यांस ते एखाद्या कल्पित पात्राचे नाव वाटले. 2012 मध्ये गोन्साल्विस गेले, तेव्हा या नावाचा खराखुरा माणूस होता हे अनेकांना प्रथमच कळले.

राहिला चिक स्वतः. तो संगीतकार होऊ शकला असता काय, या प्रश्नाचे उत्तर अनुमानाने देण्याची गरज नाही, कारण तो झाला होता. 'नादान' (1951) आणि 'रंगीली' (1952) हे चित्रपट त्याच्या नावावर आहेत. 'नादान'मध्ये तलत महमूद यांनी गायलेले एक गाणे आहे. ट्रम्पेटवाल्याचे गाणे म्हणून जो ते ऐकावयास बसेल त्याची फसगत होईल. ते मृदू, संथ, जवळजवळ पुटपुटल्यासारखे आहे. मखमली गळ्याला कोठेही धक्का लागू नये अशी काळजी चालीत आहे. आमच्या मते हे एक गाणे वरील दोन्ही विधानांना पुरेसे अडचणीत आणते. चिक केवळ वाद्यांचा पुरवठादार होता, असे अण्णांच्या भक्तांना म्हणता येत नाही. आणि त्याची खूण केवळ झगमगता ताल हीच होती, असे आमच्या ज्येष्ठांनाही म्हणता येत नाही. असे चित्रपट त्यास मोजकेच मिळाले. यामागे प्रतिभेची उणीव होती असे आम्हांस वाटत नाही. गीतकार, निर्माते आणि वितरक यांच्या बैठकीत ज्याला घरच्यासारखे बसता येई त्याच्याकडे चित्रपट जात, आणि हळदोण्याहून ताजच्या नाचघरात आलेल्या माणसाला ती बैठक परकी असावी, असा आमचा तर्क आहे. 1967 मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षाच्या आसपास, तो वारला. अण्णा 1982 पर्यंत होते.

तेव्हा अण्णांची कीर्ती खरी आहे, पण ती चुकीच्या खात्यावर मांडलेली आहे, असे आमचे मत झाले. चालीचे, निवडीचे, लताबाईंच्या गळ्याची जाण असण्याचे आणि 'चितळकर' या नावाने स्वतः गायलेल्या गाण्यांतील मिस्कीलपणाचे श्रेय त्यांचे. वाद्यमेळाच्या बोलीचे श्रेय चिकचे आणि त्याच्या सोबत्यांचे. द्वारकेच्या त्या बैठकीत ज्येष्ठांना हा निवाडा पटला नाही. निवड हे काय काम आहे, असे ते म्हणाले, वाजवून दाखवा. तरुणाने 'नादान'मधील ते गाणे भ्रमणध्वनीवर लावले. ते पुन्हा लावण्यास ज्येष्ठांनी सांगितले, आणि चर्चा तेथेच राहिली.