‘कोलावेरी डी’ची लोकप्रियता : एक चिकित्सा

प्रस्तावना :
इ. स. २००५ मध्ये यूट्यूब सुरू झाल्यानंतर लोकप्रियतेचा प्रश्न समीक्षेपुढे नव्याने उभा राहिला. एखादी चित्रफीत अल्पावधीत कोट्यवधी वेळा पाहिली गेली की तिचे श्रेय कलागुणांना अथवा योगायोगाला दिले जाते. ही दोन्ही उत्तरे अपुरी असल्याचे ‘व्हाय धिस कोलावेरी डी’ या गीतावरून दिसते.

विवेचन :
‘३’ या तमिळ चित्रपटातील हे गीत धनुष यांनी लिहिले व गायिले. संगीत अनिरुद्ध रविचंदर यांचे. कच्चे ध्वनिमुद्रण आधीच बाहेर फुटल्याने १६ नोव्हेंबर २०११ रोजी अधिकृत चित्रफीत प्रसारित झाली. तीत नृत्य वा भव्य नेपथ्य नाही. ध्वनिमुद्रण कक्षातील कलावंत तेवढे दिसतात. जावेद अख्तर यांनी गीताच्या चालीवर व शब्दांवर कठोर टीका केली. घडीव काव्याच्या निकषावर ती टीका निराधार नाही. परंतु गीत सर्वतोमुखी का झाले, याचे उत्तर तीत मिळत नाही.

हे उत्तर गीताच्या अपुरेपणातच आहे. सोप्या इंग्रजी शब्दांना तमिळ उच्चाराचे वळण दिल्याने तमिळ न जाणणाऱ्यालाही गीत कळते. ‘कोलावेरी’ म्हणजे जिवावर उठणारा संताप. हा एकच शब्द अपरिचित राहतो आणि कुतूहलाचा विषय होतो. गाता गाताच वादकांना दिलेल्या सूचनांमुळे तालमीचा आभास निर्माण होतो. परिणामी ‘हे आपणही गाऊ शकतो’ असे श्रोत्यास वाटते. अनेक भाषांत विडंबने व अनुकरणे झाली आणि प्रत्येक अनुकर्ता गीताचा वाहक बनला.

लोकगीतही असेच तोंडोतोंडी बदलत पसरते. मात्र लोकगीताला मालक नसतो. येथे सोनी म्युझिकसारखी हक्कधारक कंपनी व वृत्तवाहिन्या प्रसारास हातभार लावीत होत्या. त्यामुळे हा प्रसार केवळ उत्स्फूर्त मानता येत नाही.

निष्कर्ष :
३० मार्च २०१२ रोजी प्रदर्शित झालेल्या चित्रपटास गीताच्या तोडीचे यश लाभले नाही. लोकांना चित्रपटापेक्षा गीतातील आपला सहभाग प्रिय होता, असाच याचा अर्थ होतो. प्रेक्षकसंख्या प्रसार मोजते, आस्वाद नव्हे. म्हणून समीक्षकाने संख्येपुढे नमू नये. तसेच शब्द सामान्य आहेत एवढ्यावरून सहभागाच्या या रूपाकडे पाठही फिरवू नये.